मोटोचा फोन लोगोवर अडकला? कंपनीच्या 'सॉफ्टवेअर फिक्स'नं फर्मवेअर पुन्हा टाकायची पद्धत

फोन चालू केला की 'एम'चा लोगो येतो, फोन थरथरतो, स्क्रीन काळी पडते आणि पुन्हा लोगो. दुरुस्तीच्या दुकानात नेला की काउंटरवरचा मुलगा फोन हातात घेण्याआधीच सांगतो, "सॉफ्टवेअर मारावं लागेल." पुष्कळदा त्याचं बरोबरही असतं. फक्त तो कुठली फाइल टाकणार, ती कुठून आणलेली आणि कुठल्या टूलनं टाकणार, हे आपल्याला कळत नाही. मोटोरोलाच्या बाबतीत हे काम घरी करता येतं आणि त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर कंपनीच फुकट देते. २०१४ मध्ये लेनोवोनं गूगलकडून मोटोरोला मोबिलिटी घेतली. त्यानंतर हे टूल आधी 'लेनोवो मोटो स्मार्ट असिस्टंट', मग 'रेस्क्यू अँड स्मार्ट असिस्टंट' आणि आता 'सॉफ्टवेअर फिक्स' या नावानं मिळतं. जुन्या व्हिडिओंत वेगळी नावं ऐकू आली तर गोंधळू नका, वस्तू तीच आहे.

फर्मवेअर म्हणजे फोन चालवणारं कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर. ते प्रत्यक्ष फोनमध्ये लिहिण्याचं काम काही मिनिटांचं असतं. फोन मरतात ते बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या घाईमुळे: भलत्याच मॉडेलची फाइल, हलणारी केबल, अर्ध्यात झोपलेला लॅपटॉप. म्हणून या लेखातली निम्मी जागा तयारीलाच दिली आहे. ती वगळून थेट 'आता टूल उघडा' या भागावर उडी मारू नका.

## आधी ठरवा, खरंच गरज आहे का

फर्मवेअर पुन्हा टाकल्यानं सॉफ्टवेअरचे दोष जातात: अपडेट अर्धवट होऊन बिघडलेली सिस्टीम, लोगोवर अडकणं, 'तुमचं डिव्हाइस करप्ट आहे' अशी लाल अक्षरातली सूचना, अपडेटनंतर गायब झालेलं नेटवर्क किंवा वायफाय. स्क्रीनवर आलेली हिरवी रेघ यानं जात नाही. फुगलेली बॅटरी, पाण्यात पडलेला फोन, सैल झालेला चार्जिंग पोर्ट, यांतलंही काही सुधारत नाही. बॅटरी फुगून मागचं कव्हर उचललं गेलं असेल तर फोन लॅपटॉपला जोडूच नका, सरळ सर्व्हिस सेंटरला न्या.

दोष सॉफ्टवेअरचा की हार्डवेअरचा, हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. फोन बंद करा, आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर बटण एकत्र दाबून धरा. फास्टबूटची स्क्रीन येईल. तिथं फोन दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा. या स्क्रीनवर अँड्रॉइड सुरूच झालेलं नसतं. तरीही फोन आपोआप बंद पडत असेल किंवा रीस्टार्ट होत असेल, तर संशय दबून राहिलेल्या पॉवर बटणावर, बॅटरीवर किंवा बोर्डावर घ्या. तिथं निवांत बसून राहिला आणि फक्त अँड्रॉइड सुरू होतानाच कोसळत असेल, तर हा लेख तुमच्या कामाचा.

फोन कसाबसा का होईना, पण सुरू होत असेल तर आधी सेफ मोड, म्हणजे बाहेरून टाकलेली ॲप्स बंद ठेवून चालणारा मोड, करून बघा. नवं टाकलेलं एखादं ॲप गोंधळ घालत असेल तर तिथं लगेच कळतं. रिकव्हरी मोडमधून फॅक्टरी रीसेट हा त्यापुढचा उपाय. फास्टबूटच्या स्क्रीनवर आवाजाच्या बटणांनी 'रिकव्हरी मोड' निवडा आणि पॉवर दाबा. आडव्या पडलेल्या रोबोखाली 'नो कमांड' लिहिलेलं दिसलं म्हणजे फोन गेला असं नाही. पॉवर दाबून ठेवून आवाज वाढवायचं बटण एकदा दाबून सोडलं की मेनू येतो. मात्र फॅक्टरी रीसेटनं फक्त तुमचा डेटा पुसला जातो, बिघडलेली सिस्टीम तशीच राहते. त्यामुळे रीसेटनंतरही फोन लोगोवरच अडकला तर फर्मवेअर टाकण्यावाचून गत्यंतर नाही.

## डेटा जाणार, हे धरूनच चाला

सॉफ्टवेअर फिक्सनं 'रेस्क्यू' केलं, म्हणजे फर्मवेअर पुन्हा टाकलं, की फोनमधला डेटा पुसला जातो. फोटो, कॉल रेकॉर्डिंग, नोट्स, सगळं. "आधी फ्लॅश करू (म्हणजे फर्मवेअर टाकू), मग रिकव्हरी सॉफ्टवेअरनं फोटो काढू" हा विचार सोडून द्या. आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये साठा एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद, असतो, आणि डेटा पुसताना त्याच्या किल्ल्याही जातात. नंतर कितीही पैसे मोजले तरी तो परत येत नाही. लग्नाचे फोटो फोनमध्येच असतील आणि फोन अधूनमधून पाच मिनिटं का होईना सुरू होत असेल, तर त्या पाच मिनिटांत फोटो काढून घेणं हे पहिलं काम.

व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जातो खरा, पण आता तो गूगलच्या १५ जीबीच्या फुकट जागेतच मोजला जातो. जागा भरलेली असेल तर बॅकअप कित्येक आठवड्यांपूर्वीच थांबलेला असतो आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. सेटिंग्जमध्ये चॅट बॅकअपच्या पानावर शेवटच्या बॅकअपची तारीख बघा. ती जुनी असेल तर अँड्रॉइड फोल्डरमधल्या 'मीडिया' फोल्डरमध्ये व्हॉट्सॲपचं फोल्डर असतं, ते आख्खं लॅपटॉपवर उतरवून घ्या. त्यातल्या 'डेटाबेसेस'मध्ये मेसेज असतात, बाकी फोल्डरांत फोटो-व्हिडिओ.

आता बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट. फोन पुन्हा सुरू झाल्यावर गूगल तुमचं जुनं खातं किंवा जुना स्क्रीन लॉक विचारणार. चोरीचा फोन पुसून विकता येऊ नये म्हणून अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, ही सोय आहे. फर्मवेअर टाकल्यानं ती जात नाही, जाऊही नये. त्यामुळे जीमेलचा पासवर्ड आत्ताच दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर टाकून बघा. वडिलांचा फोन असेल तर त्यात कुठलं खातं आहे हेही आधी शोधा. दुकानदारानं फोन विकतानाच एखादं खातं उघडून दिलेलं असतं आणि त्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो, असं घरोघरी दिसतं. पासवर्ड विसरल्यामुळे नुकताच बदलला असेल तर २४ तास थांबा. बदललेल्या पासवर्डनं लगेच हे कुलूप उघडेलच असं नाही.

द्विस्तरीय पडताळणी चालू असेल तर आणखी एक पेच येतो. गूगल 'तुमच्या फोनवर हो दाबा' म्हणतं आणि तो फोन म्हणजे नेमका आत्ता पुसलेला हाच. म्हणून खात्याच्या सुरक्षा विभागातून बॅकअप कोड काढून कागदावर लिहून ठेवा, किंवा सिम काढून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये टाका, म्हणजे एसएमएसवर कोड येईल. सिम नाहीतरी काढायचंच आहे, मेमरी कार्डही काढा. ई-सिम असेल तर ते पुन्हा घेण्यासाठी कंपनीची प्रक्रिया काय आहे ते आधीच बघून ठेवा. ऑथेंटिकेटर ॲपमधले कोडही दुसऱ्या फोनवर हलवून घ्या.

## लॅपटॉप, केबल आणि वीज

हे टूल विंडोजवर चालतं, त्यामुळे विंडोज १० किंवा ११ असलेला संगणक लागेल. मॅकवर व्हर्च्युअल विंडोज टाकून हा उद्योग करू नका. फ्लॅश होताना फोन मध्येच स्वतःला पुन्हा जोडून घेतो, आणि त्या क्षणी व्हर्च्युअल मशीनला फोन सापडला नाही की काम अर्ध्यात लटकतं.

सी ड्राइव्हवर २० जीबी तरी जागा मोकळी ठेवा. झिप फाइल काही जीबींची असते आणि ती उलगडल्यावर आणखी तेवढीच जागा खाते. इंटरनेटचं गणितही इथंच मांडा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचे दीड-दोन जीबी मिळत असतील तर एवढी मोठी फाइल उतरताना मध्येच वेग मंदावणार. शेजारच्यांचं ब्रॉडबँड मागा, नाहीतर अमर्याद डेटाचा प्लॅन असलेला फोन घ्या. डाउनलोड अर्ध्यात थांबलं तर फोनला काही होत नाही. या टप्प्यावर फोनला कुणी हातही लावलेला नसतो.

केबल डेटाची हवी. पॉवर बँकेसोबत येणाऱ्या काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जात नाही. फोनसोबत आलेली केबल उत्तम. जोडल्यावर टोक किंचित हलवून बघा, जोडणी तुटल्याचा आवाज येत असेल तर ती केबल बाजूला ठेवा. यूएसबी हब वापरू नका. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पॅनलपेक्षा मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट घ्या. निळ्या यूएसबी ३ पोर्टवर फास्टबूट अडखळतं असा काही संगणकांचा अनुभव आहे. काळा यूएसबी २ पोर्ट असला तर तोच वापरा.

विजेचं सांगायला नको. भारनियमनाची किंवा देखभालीची वेळ ठाऊक असेल तर ती टाळा. लॅपटॉप चार्जरवर असू द्या आणि त्याची बॅटरीही भरलेली असू द्या. नुसत्या डेस्कटॉपला यूपीएस हवाच. सेटिंग्जमध्ये स्लीप 'कधीच नाही' करा आणि विंडोजचं अपडेट आठवडाभर पुढे ढकला. फ्लॅश चालू असताना 'तुमचा संगणक रीस्टार्ट होत आहे' ही पाटी बघायची वेळ येऊ नये.

फोनची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त हवी. फास्टबूट मोडमध्ये फोन केबलला जोडलेला असला तरी भरवशाचा चार्ज होत नाही. म्हणून लोगोवर अडकलेला फोन आधी बंद करा आणि चार्जरला लावा. बंद फोनवर बॅटरीचं चित्र येतं, त्यावरून अंदाज घ्या.

## आपला फोन नेमका कुठला आहे

'मोटो जी' हे नाव फ्लॅशिंगच्या कामाचं नाही. एकाच नावाचा फोन भारतात, युरोपात आणि ब्राझीलमध्ये वेगळ्या रेडिओसह, म्हणजे नेटवर्क पकडणाऱ्या भागासह, विकला जातो. खरी ओळख म्हणजे 'एक्सटी'नं सुरू होणारा मॉडेल क्रमांक: त्यापुढे चार अंक, मग आडवी रेघ आणि आणखी एखादा अंक. रेघेपुढचा तो अंकही तितकाच महत्त्वाचा, कारण देशागणिक तोच बदलतो. फोन सुरू होत असेल तर 'अबाउट फोन'मध्ये मॉडेलसोबत 'सॉफ्टवेअर चॅनेल'ही बघून ठेवा. भारतात दुकानातून घेतलेल्या फोनवर तिथं 'रेटइन' असतं. दुबईहून किंवा अमेरिकेहून पाहुण्यांनी आणलेल्या फोनवर दुसरंच काही दिसेल, आणि त्याला त्याच भागाचं फर्मवेअर लागेल.

फोन सुरूच होत नसेल तर फास्टबूटची स्क्रीन नीट वाचा. रोबोच्या चित्राखाली बारीक अक्षरांत बऱ्याच ओळी असतात. 'बीएल'नं सुरू होणारी ओळ बूटलोडरची, म्हणजे अँड्रॉइडला सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, आवृत्ती सांगते, 'बेसबँड' नेटवर्क सांभाळणाऱ्या मोडेमची. 'प्रॉडक्ट/व्हेरियंट'च्या ओळीत फोनचं सांकेतिक नाव आणि एक्सटी क्रमांक असतो. त्याखाली सिरियल नंबर, प्रोसेसर, साठ्याची आणि रॅमची माहिती येते, मग बॅटरी ठीक आहे की कमी. आणि एका ओळीत 'ओईएम लॉक्ड' किंवा 'फ्लॅशिंग लॉक्ड'. या शब्दांना घाबरू नका, ही चांगली खूण आहे. बूटलोडर कुलूपबंद असताना मोटोरोलाच्या सहीचं फर्मवेअर स्वीकारायला फोन तयार असतो, बाहेरचं मात्र नाकारतो. "आधी बूटलोडर अनलॉक करा" असं कुणी सांगत असेल तर ती वाट कस्टम रॉमची, म्हणजे कंपनीबाहेरच्यांनी बनवलेल्या सिस्टीमची, आहे. त्यात वॉरंटी जाते, बँकेची काही ॲप्स चालायची थांबतात, आणि आपल्या कामाला त्याची गरजच नाही. या स्क्रीनचा दुसऱ्या फोननं फोटो काढून ठेवा. पुढे काही बिनसलं तर सर्व्हिस सेंटरलाही तो दाखवता येईल.

आयएमईआय म्हणजे फोनचा १५ अंकी क्रमांक, तोही लागेल. सुरू असलेल्या फोनवर *#०६# डायल करा. बंद फोनचा क्रमांक डब्यावर आणि बिलावर सापडतो. काही मॉडेलांत फास्टबूटच्या मेनूत 'बारकोड्स' हा पर्याय असतो, तिथंही दिसतो. डबा रद्दीत आणि बिल हरवलेलं असेल तर दुसऱ्या फोनवरून गूगलच्या 'फाइंड हब'मध्ये त्या डिव्हाइसच्या माहितीत बघा. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात, दोन्ही लिहून ठेवा. फ्लॅशनंतर ताडून पाहायचे आहेत.

## आता टूल उघडा

सॉफ्टवेअर फिक्स फक्त मोटोरोलाच्या सपोर्ट साइटवरून उतरवा. शोधयंत्रात पहिल्या येणाऱ्या जाहिरातींतल्या 'ड्रायव्हर पॅक' किंवा 'क्रॅक' आवृत्त्यांच्या वाटेला जाऊ नका. जी गोष्ट मुळात फुकट आहे तिचा क्रॅक कशाला हवा? इन्स्टॉल करताना ड्रायव्हर टाकायची परवानगी मागेल, ती द्या आणि संगणक एकदा रीस्टार्ट करा. टूल लेनोवोचं खातं मागेल. नसेल तर ईमेलवर नवं काढा.

बटणांची ठिकाणं आवृत्तीगणिक थोडी बदलतात, पण क्रम हाच असतो. फोनचा विभाग निवडून 'रेस्क्यू'मध्ये जा. तिथं फोन ओळखण्याच्या वाटा दिसतील: फास्टबूटमध्ये फोन जोडणे, आयएमईआय टाकणे, किंवा यादीतून मॉडेल निवडणे. पहिल्या दोनच वापरा. यादीतून हातानं निवडायची सोय आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही. सगळ्यात जास्त चुका तिथंच होतात.

फोन फास्टबूट स्क्रीनवर नेऊन केबल जोडा. स्क्रीनवरच्या ओळींत यूएसबी जोडल्याचं लिहून येईल. टूलला फोन सापडला की ते मॉडेल आणि योग्य फर्मवेअरची आवृत्ती दाखवेल. इथं थांबा. मघाशी काढलेल्या फोटोतला एक्सटी क्रमांक आणि टूलनं दाखवलेला क्रमांक रेघेपुढच्या अंकासकट जुळतो का, ते बघा. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

मग डाउनलोडचं चिन्ह दाबा. हवं तर या काळात फोन काढून पुन्हा चार्जरला लावा, फाइल उतरून उलगडेपर्यंत त्याचं काम नाही. फाइल सी ड्राइव्हमधल्या 'प्रोग्रामडेटा' या लपवलेल्या फोल्डरात जाते. ती तिथून हलवू नका आणि तिचं नाव बदलू नका.

डाउनलोड पूर्ण झालं की फोन पुन्हा फास्टबूटमध्ये जोडा आणि रेस्क्यू सुरू करा. डेटा पुसला जाईल अशी सूचना येईल. ती मान्य केली की टूल टक्के दाखवत पुढे सरकतं. आता केबलला, फोनला, माउसलाही हात लावू नका. फोन टेबलावर सपाट ठेवा, मांडीवर नको. लहान मुलं आणि मांजर दोघांनाही खोलीबाहेर काढा.

## टक्के सरकत असताना आत काय चालतं

हे कळलं की मध्येच घाबरून केबल उपटायची इच्छा होत नाही.

उलगडलेल्या फोल्डरमध्ये एक्सएमएल प्रकारची 'फ्लॅशफाइल' असते. ती म्हणजे कामांची क्रमवार यादी: कुठली फाइल फोनच्या कुठल्या विभागात लिहायची, आणि प्रत्येक फाइलपुढे तिचा एमडी५ ठसा. उतरवताना फाइल बिघडली असेल तर या ठशावरून ती पकडता येते. यादीची सुरुवात होते ती फोनला 'फास्टबूटमध्येच राहा' अशी खूण लावण्यापासून. मग विभागांचा नकाशा, मग बूटलोडर, मग मोडेम, त्यानंतर बूट आणि पडताळणीचे विभाग. सर्वांत मोठा असतो 'सुपर' नावाचा विभाग, ज्यात खरं अँड्रॉइड राहतं. तो एका दमात जात नाही, 'स्पार्सचंक' नावाच्या तुकड्यातुकड्यांनी जातो. शेवटी तुमच्या डेटाचा विभाग पुसला जातो आणि सुरुवातीला लावलेली खूण काढली जाते.

धोका सुरुवातीच्या काही सेकंदांतच जास्त असतो, नकाशा आणि बूटलोडर लिहिताना. सुपरचे तुकडे जात असताना टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ थबकते, ते नेहमीचंच. आणि तिथं काही तुटलंच, तर फोन पुढच्या वेळी सुरू करताना सरळ फास्टबूटवर येतो, कारण ती खूण अजून निघालेली नसते. लोक हे पाहून "फोन डेड झाला" म्हणतात. प्रत्यक्षात तो पुन्हा फ्लॅश व्हायची वाट बघत उभा असतो.

## अडलं तर

टूलला फोन दिसतच नसेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघा. फोनच्या नोंदीपुढे पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर बसलेला नाही: टूल काढून पुन्हा टाका, संगणक रीस्टार्ट करा. नोंदच दिसत नसेल तर केबल किंवा पोर्ट बदला. हे सगळं करूनही जमत नसेल तर दुसऱ्या संगणकावर करून बघणं हे तासभर झटापट करण्यापेक्षा शहाणपणाचं.

मध्येच अपयशाची पाटी आली तर फोन बंद करू नका. तो फास्टबूटमध्येच राहू द्या, टूल बंद करून पुन्हा उघडा, पोर्ट बदला आणि पहिल्यापासून रेस्क्यू करा. तेच पुन्हा झालं तर उतरवलेली फाइल पुसून नव्यानं उतरवा.

'प्रीफ्लॅश व्हॅलिडेशन फेल्ड' असं दिसलं तर गोष्ट वेगळी आहे. फोनला ती फाइल पटलेली नाही: एकतर ती दुसऱ्या मॉडेलची आहे, किंवा फोनवर आधी असलेल्या आवृत्तीपेक्षा जुनी. नवं अपडेट आवडलं नाही म्हणून जुन्या अँड्रॉइडवर परत जाऊ पाहणारे इथं हमखास अडकतात. सुरक्षेतली भोकं बुजवल्यावर फोनला पुन्हा जुन्या, भोकं असलेल्या सॉफ्टवेअरवर नेता येऊ नये म्हणून कंपन्या हा अडसर मुद्दाम घालतात. गूगलनं २०२२ मध्ये पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए यांना अँड्रॉइड १३ देताना असाच अडसर घातला. २०१८ मध्ये शाओमीनं रेडमी नोट ५ प्रोवर तो आणला, तेव्हा सवयीनं जुनी आवृत्ती टाकायला गेलेल्यांचे फोन कायमचे काळे पडले. मोटोचा फोन निदान फाइल नाकारतो. त्याला जबरदस्तीनं गिळायला लावणाऱ्या स्क्रिप्ट वापरणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे स्क्रीन पूर्ण काळी, कुठलंच बटण चालत नाही, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'क्वालकॉम ९००८' अशी नोंद दिसते. मीडियाटेक चिप असलेल्या फोनवर त्या जागी 'प्रीलोडर' दिसतो. याचा अर्थ बूटलोडर सुरू होत नाही, फक्त चिपमधला पायाभूत कार्यक्रम जिवंत आहे. यावरही उपाय असतो, पण तो सर्व्हिस सेंटरचा. टेलिग्रामवरून बूटलोडर पुन्हा टाकणारी 'ब्लँकफ्लॅश' फाइल आणून नशीब आजमावू नका.

## सुरू झाल्यावर काय तपासायचं

पहिल्यांदा सुरू व्हायला पाच-दहा मिनिटं लागू शकतात. लोगो बराच वेळ दिसला म्हणून लगेच पॉवर दाबून धरू नका. भाषा निवडायची स्क्रीन आली की केबल काढा, सिम टाका.

सगळ्यात आधी *#०६#. दोन्ही आयएमईआय लिहून ठेवलेल्या क्रमांकांशी जुळले पाहिजेत. तिथं शून्य दिसली किंवा काहीच आलं नाही तर रेस्क्यू एकदा पुन्हा करा. तरीही तसंच राहिलं तर सर्व्हिस सेंटर गाठा. कुणी 'आयएमईआय रिपेअर' करून देतो म्हणाला तर त्याच्याकडे फोन देऊ नका. भारतात २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार या क्रमांकात फेरफार करणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सेकंडहँड फोन असेल तर त्याचा क्रमांक सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवरही तपासून घ्या, किंवा इंग्रजीत केवायएम, त्यापुढे जागा सोडून आयएमईआय लिहून १४४२२ वर एसएमएस करा.

मग प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट'खाली डिव्हाइस प्रमाणित असल्याचं दिसतं का, ते बघा. एक कॉल लावा, एक घ्या. दोन्ही कॅमेरे, बोटाचा ठसा, ब्लूटूथ, लोकेशन तपासा. सिस्टीम अपडेट आलेलं असेल तर ॲप्सचा पसारा मांडायच्या आधीच ते घेऊन टाका.

यूपीआय ॲप्स नव्यानं नोंदवावी लागतात. नोंदणीचा एसएमएस त्याच सिमवरून जातो, त्यामुळे एसएमएस जाईल इतका रिचार्ज हवा. बऱ्याच बँका नव्या नोंदणीनंतर पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा ठेवतात. म्हणून घरभाडं किंवा शाळेची फी भरायच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. व्हॉट्सॲपचं फोल्डर लॅपटॉपवर ठेवलं असेल तर ते आधी फोनमध्ये त्याच जागी परत टाका आणि मगच ॲप उघडून नंबर नोंदवा. क्रम उलटा झाला तर ॲप रिकामंच सुरू होतं.

## दुसऱ्या कंपनीचा फोन असेल तर

वरची तयारी सगळ्यांना लागू पडते, टूल बदलतं. गूगलनं पिक्सेलसाठी ब्राउझरमधूनच चालणारं दुरुस्तीचं टूल दिलं आहे. आयफोनला मॅकवर फाइंडर आणि विंडोजवर 'ॲपल डिव्हाइसेस' पुरतं. तिथं 'अपडेट' आणि 'रीस्टोअर' असे दोन पर्याय येतात. आधी अपडेट निवडा, त्यात डेटा न पुसता सिस्टीम पुन्हा टाकून बघितली जाते. डाउनलोडला १५ मिनिटांहून जास्त वेळ लागला तर आयफोन रिकव्हरी मोडमधून आपोआप बाहेर पडतो. अशा वेळी डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि त्याला पुन्हा त्याच मोडमध्ये न्या.

काही मॉडेलांना, विशेषतः खूप जुन्या मोटोंना, सॉफ्टवेअर फिक्स 'समर्थित नाही' असं सांगतं. तसं झालं, किंवा वरचं सगळं करूनही फोन उठला नाही, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाताना बिल आणि फास्टबूट स्क्रीनचा फोटो सोबत घ्या. कंपनीचंच टूल वापरलं होतं हे लपवायचं कारण नाही, उलट कुठल्या टक्क्यावर थांबलं आणि काय पाटी आली हे सांगा, त्यांचं काम सोपं होतं. जॉबशीटवर मॉडेल, दोन्ही आयएमईआय आणि 'बूटलोडर लॉक्ड' एवढं लिहून घ्या. बोर्ड बदलावा लागला तर आयएमईआयही बदलतो. तो नवा क्रमांक आणि बदललेल्या भागाची नोंद बिलावर आल्याशिवाय फोन ताब्यात घेऊ नका.